दुपारी घरात कोण असते?

कोथरूडमधली दुपार दोन ते पाच या वेळात पाहिली, तर प्रथमोपचाराचा प्रश्न वेगळाच दिसू लागतो. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, आयडियल कॉलनी या भागांतल्या कितीतरी घरांत त्या वेळी आई-वडील हिंजवडीला नाहीतर खराडीला कामावर असतात. घरात उरतात ती दोनच माणसे: शाळेतून आलेला नातू आणि सत्तरी ओलांडलेली आजी. दाराला लॅच, सेफ्टी डोअरला आतून कडी, शेजारच्या फ्लॅटलाही बहुधा कुलूप. तिथून फार लांब नसलेल्या केळेवाडी, किष्किंधानगर, सुतारदरा या वस्त्यांमध्ये घर निराळे असते, पण प्रश्न तोच. तिथली आई याच फ्लॅटांमध्ये धुण्याभांड्याला किंवा पोळ्या करायला गेलेली असते आणि दहा वर्षांची थोरली लेक धाकट्या भावंडांना सांभाळत असते. दूध तापवणे, चहा टाकणे, रांगणाऱ्या भावावर लक्ष ठेवणे, सगळे तिच्याचकडे. या दोन्ही घरांत कुणी पडले, भाजले, कुणाच्या घशात काही अडकले, तर ते सर्वांत आधी पाहणारे माणूस हे मूलच असणार. लहान मुलांना प्रथमोपचार शिकवावा का, याचे उत्तर आपण सहसा मुलाचे वय पाहून देतो. मला वाटते, त्या वेळी घरात दुसरे कोण आहे हे पाहून ते द्यायला हवे. तसे पाहिले की ‘शिकवावा का’ हा प्रश्न मागे पडतो आणि कोणत्या वयाला काय शिकवावे, एवढाच उरतो.

यावर पहिले म्हणणे असे येते की कोथरूडसारख्या भागात याची गरजच काय? हाकेच्या अंतरावर दवाखाने आहेत, मोठी रुग्णालये आहेत, १०८ क्रमांक आहे. ही १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तिचा नियंत्रण कक्ष पुण्यातच, औंधला आहे आणि शहरात वीस मिनिटांत पोचायचे असे उद्दिष्ट तिच्यापुढे ठेवलेले आहे. हे उद्दिष्ट दर वेळी गाठले जाते असे धरून चालू. संध्याकाळी पौड फाट्यावर आणि कर्वे रस्त्यावर काय असते हेही क्षणभर विसरू. तरीही शरीराचा हिशेब वीस मिनिटांचा नसतो. हृदय बंद पडून मेंदूचा प्राणवायू तुटला, तर चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होऊ लागते. श्वासनलिकेत शेंगदाणा पूर्ण अडकला तर वेळ तेवढाच, किंवा त्याहून कमी. मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर जखम घट्ट दाबून धरायचे काम त्याच क्षणी सुरू व्हावे लागते. भाजलेल्या जागी वाहते साधे पाणी वीस मिनिटे धरले तर इजा खोलवर जाणे पुष्कळ अंशी थांबते, पण ते पाणी लगेच हवे. रुग्णालयात पोचेपर्यंत थांबले तर त्याचा उपयोग कमी होत जातो. रुग्णालय कितीही जवळ असले, तरी या कामांची जागा घरच असते. जवळच्या रुग्णालयाचा फायदाही त्यालाच मिळतो, ज्याच्यासाठी कुणीतरी वेळेवर फोन केला आहे आणि ज्याच्या घराचा पत्ता नीट सांगता आला आहे. डहाणूकर कॉलनीत गल्ल्यांना क्रमांक आहेत. आपल्या गल्लीचा क्रमांक, इमारतीचे नाव, मजला आणि जवळची एक खूण सहा वर्षांच्या मुलाला पाठ करता येते. आजोबांचा मोबाइल लॉक असला तरी त्याच्या पडद्यावरून आपत्कालीन फोन लावता येतो, हेही त्याला एकदा दाखवले की कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुलाच्या अंगात बळ नाही. हा आक्षेप अंशतः खरा आहे आणि तो किती खरा आहे हे मोजलेले आहे. वेल्समधल्या कार्डिफ येथे झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचा होता. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची क्रिया त्यांना शिकवली आणि मग पुतळ्यावर करून पाहायला लावली. नऊ-दहा वर्षांच्या एकाही मुलाला छाती पुरेशी खोल दाबता आली नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलांपैकी १९ टक्क्यांना आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपैकी ४५ टक्क्यांना ती दाबता आली. हे आकडे पाहून ‘मग लहानांना शिकवण्यात अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण प्रथमोपचारात बळाची कामे थोडी आणि लक्ष देऊन करायची कामे फार आहेत. नॉर्वेत सहा-सात वर्षांच्या मुलांना प्राथमिक जीवरक्षक कृती शिकवून तपासले, तेव्हा न शिकलेल्या मुलांपेक्षा ती स्पष्टपणे सरस ठरली. २०११ साली तिथल्याच एका लहानशा अभ्यासात चार-पाच वर्षांची दहा मुले होती. शिकवल्यानंतर त्यांतल्या सातांनी समोरचा माणूस शुद्धीवर आहे का हे बरोबर पाहिले, सहांनी श्वास चालू आहे का हे पाहिले आणि सातांना मदतीचा क्रमांक बरोबर सांगता आला. दहा मुलांवरून जगाचा नियम ठरत नाही, हे उघड आहे. तरी बालवाडीच्या वयात हाक मारून पाहणे, छाती हलते का हे पाहणे आणि फोन करणे ही तीन कामे आवाक्याबाहेरची नाहीत, एवढे त्यातून दिसते. बळ यायला बारावे-तेरावे वर्ष उजाडावे लागते. निरीक्षण आणि सांगणे त्याच्या कितीतरी आधी येते. म्हणून २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ज्या उपक्रमाला पाठिंबा दिला, त्यात छातीदाबाचे शिक्षण बाराव्या वर्षापासून, दर वर्षी दोन तास, असे सुचवले आहे. त्याआधीची वर्षे रिकामी ठेवा, असा त्याचा अर्थ होत नाही.

सांगणे हे काम किती मोलाचे आहे, हे पाहायचे तर कुत्रा चावण्याचे उदाहरण घ्यावे. भारतात रेबीजने दगावणाऱ्यांपैकी ३० ते ६० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचे एक कारणही देते: मुलांना झालेला चावा पुष्कळदा कुणाच्या लक्षातच येत नाही, कुणी तो सांगतही नाही. मूल ते का सांगत नाही, हे समजायला मानसशास्त्र लागत नाही. पार्किंगमध्ये खेळताना कुत्र्याची खोडी काढलेली असते, ‘तिकडे जाऊ नकोस’ असे बजावलेले असते, पोटरीवर लहानसा ओरखडा असतो आणि सांगितले तर आधी ओरडा मिळणार, हे माहीत असते. आणि हा आजार एकदा दिसू लागला की जवळजवळ कुणीच वाचत नाही. उलट, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली आणि वेळेवर लस घेतली, तर तो टाळता येतो. ती लस सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. म्हणजे इथे मुलाचा जीव वाचवणारी पहिली कृती ‘मला कुत्रा चावला’ हे वाक्य आहे. दुसरी कृती नळ सोडणे. दोन्हींना बळ लागत नाही. ते वाक्य तोंडातून यावे यासाठी घरातल्या मोठ्यांनी ओरडणे पुढे ढकलायला शिकले पाहिजे, आणि हा धडा मुलाच्या प्रथमोपचाराच्या वर्गातूनच घरी पोचू शकतो. जखमेवर मिरची, चुना किंवा तेल लावायचे नाही, ही गोष्टही तशीच पोचते.

कारण आपल्या घरांत प्रथमोपचाराचे ज्ञान नाही असे नाही. चुकीचे ज्ञान भरपूर आहे. भाजले की टूथपेस्ट, शाई, तूप, हळद. घोळणा फुटला की मान मागे टाकून झोपवायचे. फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची, दातांत चमचा घालायचा. यातले प्रत्येक कृत्य मायेने केले जाते आणि त्यातली बरीच अपाय करतात. घोळणा फुटलेल्याची मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरायचा असतो. फिट आलेल्याच्या आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे, आचके थांबले की कुशीवर वळवायचे आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करायचा. हे सात वर्षांच्या मुलाला समजते. प्रौढ माणसाला आधीची सवय मोडून नवी लावावी लागते, मुलाला फक्त नवी लावायची असते. पण मुलाचे कोण ऐकणार, ही शंका रास्त आहे. आजी-आजोबांच्या देखत आठ वर्षांच्या नातवाने ‘हळद नको, पाणी धर’ म्हणणे आपल्याकडे आगाऊपणात मोडू शकते. तरीही घरात आरोग्याची नवी सवय शिरायची वाट मुलांमधून जाते, याचा अनुभव महाराष्ट्रात जुना आहे. मुंबईत मालाडजवळच्या मालवणी वस्तीत शाळकरी मुलांना त्यांच्या कुटुंबांत आरोग्याचे पुढारपण देण्याचा प्रयोग झाला आणि १९८१ साली त्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तर याच प्रश्नाला सर्वांत ठाम उत्तर दिले, अर्थात मोठ्या माणसांच्या बाबतीत. ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवल्यावर नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उपचाराचे ज्ञान पदवीधरांच्या हाती असले की सुरक्षित आणि इतरांच्या हाती गेले की धोक्याचे, या समजुतीला महाराष्ट्रातूनच इतके सज्जड उत्तर मिळालेले आहे. आरोग्यदूत बाई आणि सात वर्षांचे मूल यांत मोठे अंतर आहे, पण तत्त्व एकच: कामाचे नीट तुकडे करा, प्रत्येक तुकडा ज्याला झेपेल त्याला शिकवा.

धोक्याचा मुद्दा मात्र इथे संपत नाही. शिकलेले मूल उगाच धाडस करील आणि स्वतःच संकटात सापडेल, ही भीती पालकांच्या मनात असते. मला ही भीती उलट्या दिशेने योग्य वाटते: धाडस आपण आजही शिकवतोच, फक्त प्रथमोपचाराशिवाय. १९५७ साली दिल्लीच्या रामलीला मैदानावर मंडपाला आग लागली, तेव्हा हरीशचंद्र मेहरा या चौदा वर्षांच्या मुलाने कापड फाडून आतल्या लोकांना बाहेर पडायला वाट करून दिली. त्याच वर्षी बालकांसाठीचा राष्ट्रीय शौर्य पुरस्कार सुरू झाला. त्यानंतरच्या सन्मानांत पाण्यात उडी घेणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे, आणि त्यातले काही पुरस्कार मरणोत्तर आहेत. त्या मुलांच्या मनाच्या थोरवीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण शाळेच्या वर्गात त्यांची गोष्ट सांगितली जाते आणि त्याच तासाला बुडणाऱ्याला कसे वाचवावे हे सांगितले जात नाही, ही आपली मोठी चूक आहे. खडकवासल्याच्या काठावर एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, असे पुण्यात पुन्हा पुन्हा घडते. प्रथमोपचाराचा पहिला नियमच असा आहे की आधी स्वतः सुरक्षित राहायचे. पाण्यात उतरायचे नाही. ओरडून माणसे गोळा करायची. ओढणी, दोरी, फांदी, रिकामा कॅन जे हाती येईल ते फेकायचे. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच बंद करायचा. तिथवर हात पोचत नसेल तर मोठ्या माणसाला बोलवायचे. पावसाळ्यात रस्त्यावर तार पडलेली दिसली तर लांब थांबायचे आणि येणाऱ्यांना अडवायचे. शिकलेले मूल थांबते. न शिकलेले मूल जिवाच्या आकांताने धावते.

कोथरूडच्या दुपारच्या घरात आजी-आजोबा असतात, म्हणून आणखी एक गोष्ट इथे विशेष लागू पडते. अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि हा वेळ बहुतेक वेळा ‘जरा पडून राहते, बरे वाटेल’ असे म्हणण्यात जातो. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी इथल्या मॅसिडोनिया विद्यापीठाने पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी एक कार्यक्रम तयार केला, जो पुढे अनेक देशांत गेला. त्यात मुले झटक्याची चिन्हे खेळातून शिकतात आणि आपल्या आजी-आजोबांना शिकवतात. चिन्हे मोजकी आहेत: चेहऱ्याची एक बाजू ओघळते, एक हात वर राहत नाही, बोलणे अडखळते किंवा कळत नाही, यातले एकही दिसले तर ताबडतोब फोन. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात हेच गाण्यांतून शिकवले गेले आणि मुलांना ते महिनोन्‌महिने आठवत राहिले. आजीचे बोलणे एकदम बोबडे झाले, हे समोर बसून शेंगा सोलणाऱ्या नातवाइतके लवकर कुणालाच कळणार नाही. कळूनही तो गप्प राहील तो एवढ्यासाठीच, की याला काही अर्थ असतो हे त्याला कुणी सांगितलेले नाही.

इथवरचे पुरावे बहुतेक मुलांना काय शिकता येते याचे आहेत. त्यामुळे जीव वाचतात का, याचा सर्वांत चांगला दाखला डेन्मार्कचा. तिथे २००५ पासून प्राथमिक शाळेत हृदय पुनरुज्जीवनाचे शिक्षण सक्तीचे झाले, पुढच्या वर्षी वाहन परवान्यासाठीही. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांना आसपासच्या माणसांनी छातीदाब देण्याचे प्रमाण २००१ मधल्या २१ टक्क्यांवरून २०१० पर्यंत ४५ टक्क्यांवर गेले आणि तीस दिवसांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर. याचे सारे श्रेय शाळेला देता येत नाही. त्याच दशकात तिथल्या रुग्णवाहिका, फोनवरचे मार्गदर्शन, सार्वजनिक जागी ठेवलेली यंत्रे, रुग्णालयातले उपचार सगळेच सुधारत होते, आणि हा अभ्यास करणाऱ्यांनीही तसे म्हटलेले आहे. तरी मदत करणाऱ्या हातांची संख्या दुपटीहून अधिक झाली, हे आकाशातून पडले नाही. नॉर्वेने शाळेत प्रथमोपचार १९६१ मध्येच आणला. इंग्लंडने २०२० पासून प्राथमिक शाळेत फोन कसा करायचा आणि साध्या दुखापतींना काय करायचे हे सक्तीचे केले, छातीदाब माध्यमिक शाळेसाठी ठेवला. वयाप्रमाणे वाटणी अगदी तीच. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रथमोपचार आणि आपत्तीतील प्रतिसाद अभ्यासक्रमात असावेत, असे लिहिलेले आहे. म्हणजे कागदावर वाद संपलेला आहे.

शिक्षक म्हणतील, आधीच किती भार आहे. तो आहेच, आणि अशैक्षणिक कामांनी तो आणखी वाढवलेला आहे. पण इथे नवा विषय, नवे पुस्तक, नवी परीक्षा नको आहे. परीक्षा तर मुळीच नको, कारण लेखी परीक्षा आली की मूल ‘भाजल्यास वीस मिनिटे पाणी धरावे’ हे पाठ करील आणि हात मात्र टूथपेस्टकडेच जाईल. पहिली ते चौथी वर्षातून तीन-चार तास, नाट्यीकरणाने. पाचवीपासून पट्टी बांधणे, जखम दाबून धरणे, कुशीवर वळवणे, घशात अडकलेल्या भावंडाच्या पाठीवर थापा मारणे. सातवी-आठवीला पुतळ्यावर छातीदाब. शिकलेले सहा महिन्यांत विरू लागते, म्हणून दर वर्षी उजळणी हवीच. स्काउट-गाइडने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, पण निवडक मुलांसाठी. दुपारी घरी एकटी असणारी केळेवाडीतली मुलगी त्या निवडीत असेलच असे नाही, आणि गरज तिला सर्वांत जास्त आहे. म्हणून सुरुवात करायचीच तर महापालिकेच्या शाळांपासून करावी. सोसायट्यांनी गणेशोत्सवातली एक संध्याकाळ याला द्यावी. मुलांबरोबर वॉचमन आणि घरकामाला येणाऱ्या बायकाही त्यात असाव्यात.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो मुलाच्या बाजूने उभा आहे. मुलाच्या डोक्यावर जिवाची जबाबदारी टाकायची का? आणि शिकूनही आजी वाचली नाही, तर ते मूल आयुष्यभर काय घेऊन जगेल? जबाबदारी मोठ्यांची आहे आणि मोठ्यांची सुटका करण्यासाठी मुलांना शिकवणे हा अन्याय होईल, हे मान्यच. म्हणून पालकांचे शिक्षण मुलांच्या बरोबरीने झाले पाहिजे, त्याऐवजी मुलांचे होऊ नये. पण अपराधीपणाचे ओझे न शिकलेल्या मुलावर पडत नाही, असे कोण म्हणेल? ज्याने आजीला पडलेले पाहिले आणि काय करावे हे न कळून जे कोपऱ्यात उभे राहिले, ते मूलही ते दृश्य बरोबर घेऊन वाढते, आणि ‘मी काहीच केले नाही’ या वाक्यासह वाढते. शिकवतानाच या ओझ्याची काळजी घेता येते. मुलाला त्याचे काम स्पष्ट मर्यादेत सांगायचे: पाहा, हाक मार, फोन कर, दार उघडून ठेव, मोठे माणूस आले की तुझे काम संपले. वाचवणे हे तुझे काम नाही, कळवणे हे आहे. त्याने फोन केला आणि माणूस गेला, तरी त्याने आपले काम पूर्ण केलेले असते, आणि हे त्याला त्या दिवशी, पुढच्या आठवड्यात आणि तो विचारील तेव्हा तेव्हा मोठ्यांनी शब्दांत सांगायचे असते. प्रथमोपचार शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात या बोलण्यासाठी वेळ ठेवलेला असावा. पालकांना बोलावून एक तास घेता आला, तर त्यातला अर्धा तास त्यासाठीच द्यावा.